जास्त पटींची द्विनेत्री आणि नागपूरचे आकाश

दुर्बीण विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती पट मोठे दिसते?’ असाच असतो, आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असल्यामुळे खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडाही पटींचाच असतो. द्विनेत्री दुर्बिणीच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या बायनॉक्युलरच्या बाबतीत हा प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे; कारण पंधरापट किंवा पंचवीसपट वर्धनाचा उपयोग कोणाला, कोठून आणि आकाशाच्या कोणत्या भागाकडे पाहताना होणार, यावर त्या आकड्याचे मोल ठरते. नागपूरच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावरील हे शहर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला असल्यामुळे काही देखणे तारकागुच्छ येथे थेट डोक्यावर येतात, दक्षिणेचे आकाश युरोपातील निरीक्षकाला हेवा वाटावा इतके वर चढते, शहरातला उजेड फिकट तारे गिळून टाकतो आणि त्याच शहराच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरांवर भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ आहे. त्यामुळे परदेशी पुस्तकांतला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

प्रत्येक द्विनेत्रीवर ७×५०, १०×५०, १५×७०, २०×८० किंवा २५×१०० असे दोन आकडे असतात. पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसेल त्याचा. दुसरा पुढच्या बाजूच्या मोठ्या भिंगाच्या, म्हणजे वस्तुभिंगाच्या व्यासाचा, आणि तो मिलिमीटरमध्ये असतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की तिसरी एक राशी मिळते, जी खोक्यावर क्वचितच छापलेली असते, पण आकाश पाहणाऱ्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व या दोन्ही आकड्यांहून कमी नाही. डोळ्याजवळच्या भिंगातून, म्हणजे नेत्रिकेतून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा तो व्यास असतो. ७×५० मध्ये ही शलाका सुमारे ७ मिलिमीटर रुंद असते, १०×५० मध्ये ५, १५×७० मध्ये साधारण ४.७, तर २०×८० आणि २५×१०० या दोन्हींत ४ मिलिमीटर. द्विनेत्री हातभर लांब धरून दिवसाच्या उजळ आकाशाकडे रोखली, तर नेत्रिकेच्या मध्यभागी जी तेजस्वी चकती दिसते तीच ही शलाका होय.

आता या शलाकेची गाठ माणसाच्या डोळ्यातील बाहुलीशी घालून पाहावी लागते. पूर्ण अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी तिची उघडण्याची क्षमता कमी होत जाते आणि पन्नाशीनंतर बहुतेकांची बाहुली ५ मिलिमीटरच्या आसपास थांबते. शहरात तर रस्त्यावरचे दिवे, शेजारच्या गच्चीवरचा बल्ब आणि हातातला मोबाइल यांच्यामुळे तरुणांच्याही बाहुल्या पुरत्या उघडत नाहीत. अशा वेळी ७×५० मधून येणारा ७ मिलिमीटरचा प्रकाशझोत ५ मिलिमीटरच्या बाहुलीत मावत नाही, कडेचा प्रकाश वाया जातो आणि ५० मिलिमीटरच्या भिंगाचे पैसे मोजून प्रत्यक्षात ३५ मिलिमीटरच्या भिंगाचेच काम मिळते. नागपुरातील धरमपेठ किंवा महाल या वस्त्यांतल्या गच्चीवरून पाहणाऱ्या साठीच्या गृहस्थाला ७×५० पेक्षा १०×५० अधिक मानवते, त्याचे हे एक कारण आहे.

दुसरे कारण शहराच्या आकाशाशी निगडित आहे आणि जास्त पटींच्या बाजूने मांडता येईल असा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. तारा इतका दूर असतो की द्विनेत्रीतूनही तो बिंदूच राहतो. पट वाढवल्या तरी त्याचा प्रकाश पसरत नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवरचा दिव्यांचा करडा उजेड मात्र पसरलेला असतो, आणि भिंगाचा व्यास तोच ठेवून पट वाढवल्या की तो उजेड मोठ्या क्षेत्रावर विखुरला जाऊन मंद होतो. परिणामी पार्श्वभूमी काळवंडते, तारा तेवढाच तेजस्वी राहतो आणि जे फिकट तारे एरवी करड्या प्रकाशात बुडालेले असतात ते वर येतात. कॅनडातील रॉय बिशप यांनी सुचवलेला ‘दृश्यता अंक’ हीच गोष्ट ढोबळपणे सांगतो: वर्धन आणि व्यास यांचा गुणाकार जितका मोठा, तितके अधिक दिसते. या हिशेबाने ७×५० ला ३५०, १०×५० ला ५००, १५×७० ला १०५० आणि २०×८० ला १६०० गुण मिळतात. या अंकांमागे एक अट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे दुर्बीण अजिबात हलता कामा नये. जाहिरातींत ही अट सहसा लिहिलेली नसते.

तेजोमेघ, दीर्घिका, धूमकेतू अशा पसरट वस्तूंच्या बाबतीत हिशेब थोडा बदलतो. आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाला दीर्घिका म्हणतात आणि वायू व धूळ यांच्या प्रचंड ढगाला तेजोमेघ. पट वाढवल्या की पार्श्वभूमीबरोबर या वस्तूही तितक्याच मंद होतात, त्यामुळे दोहोंतला फरक वाढत नाही. तरीही लहान आणि फिकट डाग मोठा झाल्यावर डोळ्याला तो ओळखणे सोपे जाते, एवढा लाभ होतोच. शौरी तारकासमूहातील एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ दहापट द्विनेत्रीत धूसर ताऱ्यासारखा भासतो, तर वीसपटीत तो निःसंशय गोल, कडेला विरत जाणारा कापसाचा पुंजका वाटतो. मात्र त्यातले तारे सुटे दिसण्यासाठी द्विनेत्री सोडून मोठ्या दुर्बिणीकडेच जावे लागते.

ग्रह आणि जोडतारे यांच्या बाबतीत जास्त पट उघडपणे सरस ठरते. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार मोठे चंद्र ज्या दुर्बिणीने शोधले तिचे वर्धन सुमारे वीसपट होते आणि तिच्यातून एका वेळी चंद्राची पूर्ण चकतीही मावत नसे. आजच्या २०×८० द्विनेत्रीत सुमारे सव्वातीन अंशांचे आकाश, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या सहा चंद्रांइतकी रुंदी, एका नजरेत येते, तेही दोन्ही डोळ्यांनी. आणि दोन डोळ्यांनी पाहताना फिकट वस्तू ओळखण्याची क्षमता एका डोळ्याच्या तुलनेत साधारण १.४ पट होते, हे दृष्टिशास्त्रात मान्य झालेले आहे. गुरूचे चंद्र दहापटीतही दिसतात, पण ते ग्रहाच्या झगमगाटाला चिकटलेले असतात; पंधरा-वीसपटीत ते स्वच्छ सुटे होतात. हंस तारकासमूहातील अल्बिरिओ हा सोनेरी आणि निळसर अशा दोन ताऱ्यांचा जोड सुमारे ३५ विकला अंतराचा आहे. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. दहापटीत हा जोड जेमतेम फुटतो, पंधरापटीत मात्र दोन्ही रंग वेगवेगळे डोळ्यांत भरतात. सप्तर्षींतील वसिष्ठ आणि अरुंधती ही जोडी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. परंतु वसिष्ठ हा स्वतःच १४ विकला अंतरावरचा जोडतारा आहे, हे पाहायचे तर पक्क्या आधारावर बसवलेली किमान वीसपट द्विनेत्री हवी. शनीच्या कड्यांची मात्र फार आशा धरू नये. पंचवीसपटीखाली शनी लंबगोल दिसतो, कडी वेगळी दिसत नाहीत. शिवाय २०२५ मध्ये ती पृथ्वीवरून कडेने दिसत होती आणि पुढील काही वर्षे ती हळूहळूच उघडत जाणार आहेत. शनीसाठी द्विनेत्री घेणाऱ्याचा विरस ठरलेला आहे.

इतके लाभ असूनही अनुभवी निरीक्षक नवख्याला दहापटीवरच थांबवतात, याचे कारण हाताचा कंप. हात स्थिर वाटत असतानाही नाडीचे ठोके, श्वास आणि स्नायूंचा ताण यांमुळे तो सतत सूक्ष्म हलत असतो आणि द्विनेत्री वस्तूबरोबर हा कंपही तितक्याच पटींनी मोठा करते. सातपटीत तो जाणवत नाही, दहापटीत सोसवतो, पंधरापटीत तारे बिंदूंऐवजी नाचणाऱ्या रेषा होतात आणि वर ज्या फिकट ताऱ्यांची बेरीज केली ते सगळे या रेषांत हरवतात. त्यात वजनाची भर पडते: साधी १०×५० एक किलोच्या आतबाहेर असते, १५×७० सुमारे १.४ किलो, २०×८० दोन किलोंहून अधिक, तर २५×१०० चार किलोंच्या पुढे जाते. दोन किलोंचे यंत्र डोळ्यांसमोर दहा मिनिटे तोलून धरणे धडधाकट माणसालाही कठीण. त्यामुळे दहापटीच्या वर गेले की आधार हा द्विनेत्रीचाच भाग समजावा लागतो आणि किंमतही तशीच एकत्र धरावी लागते. कंप शोषून घेणाऱ्या ‘इमेज स्टॅबिलायझेशन’ यंत्रणेच्या द्विनेत्री मिळतात, त्यांत बॅटरीवर चालणारी यंत्रणा प्रतिमा स्थिर ठेवते आणि पंधरापट वर्धनही हातात धरून वापरता येते. पण त्यांची किंमत साध्या द्विनेत्रीच्या कित्येक पट असते.

दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारे आकाश, हा दुसरा तोटा. १०×५० मध्ये साधारण साडेसहा अंश दिसतात, १५×७० मध्ये चार-साडेचार, २०×८० मध्ये सव्वातीन आणि २५×१०० मध्ये अडीच ते तीन. रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई होते, म्हणून वीसपटीतून एखादी वस्तू शोधणे दहापटीच्या तुलनेत चौपट अवघड होते; वाट चुकली तर नजर पुन्हा ओळखीच्या ताऱ्यावर आणून सुरुवात करावी लागते. काही वस्तूंना तर रुंद क्षेत्रच हवे असते. रोहिणी नक्षत्रातील व्ही आकाराचा तारकागुच्छ साडेपाच अंशांचा आहे आणि अरुंधतीकेशातील विरळ गुच्छ त्याहून विखुरलेला. वीसपटीत त्यांचे फक्त तुकडे दिसतात आणि गुच्छ म्हणून त्यांची मजाच जाते. उलट, ययाती तारकासमूहातील जोडगुच्छ, ज्यात अर्ध्या अर्ध्या अंशाचे दोन गुच्छ एकमेकांच्या शेजारी आहेत, तो जणू पंधरा-वीसपटीसाठीच घडवला आहे.

इथवरचे सगळे जगात कोठेही लागू आहे. नागपूरची खरी अडचण पुढे सुरू होते. निरीक्षकाच्या थेट डोक्यावरील बिंदूला खमध्य म्हणतात, आणि आकाशातील ज्या वस्तूची विषुववृत्तापासूनची उत्तर दिशेची कोनीय स्थिती, म्हणजे क्रांती, निरीक्षकाच्या अक्षांशाइतकी असते ती वस्तू बरोबर खमध्यातून जाते. कृत्तिका या तारकागुच्छाची क्रांती २४ अंश आहे, तर पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छाची साडेएकोणीसच्या आसपास. नागपूरचा अक्षांश २१ अंश असल्यामुळे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नऊच्या सुमारास कृत्तिका खमध्यापासून अवघ्या तीन अंशांवर असतात, आणि मार्चच्या मध्यावर त्याच वेळी पुष्याचा गुच्छ दीड अंशावर. लंडनमध्ये कृत्तिका जास्तीत जास्त ६३ अंशांपर्यंतच चढतात. उंच चढलेली वस्तू वातावरणाच्या कमीत कमी थरातून दिसते, म्हणून हे वरदान समजायला हवे; पण सरळ नेत्रिकेची जड द्विनेत्री ट्रायपॉडवर लावून खमध्याकडे रोखली, की निरीक्षकाला मान पूर्ण मागे टाकून तिपाईच्या पायांमध्ये घुसावे लागते, आणि ट्रायपॉडचे साधे डोके इतके वर वळतही नाही. म्हणजे नागपुरात ज्या वेळी हे दोन गुच्छ सर्वोत्तम दिसायला हवेत, नेमक्या त्याच वेळी जास्त पटींची द्विनेत्री निकामी ठरते.

यावर उपाय आहेत, फुकटचे आणि महागडे दोन्ही. कृत्तिका खमध्याजवळ असताना त्यांचा पाठलाग करण्याऐवजी त्याआधी किंवा त्यानंतर सुमारे तीन तासांनी त्या पाहाव्यात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्या तोवर साधारण ५० अंशांच्या उंचीवर आलेल्या असतात, वातावरणामुळे होणारा ऱ्हास तिथेही फारसा नसतो आणि मान सरळ राहते. डिसेंबर-जानेवारीत हे गणित संध्याकाळी पूर्वेला आणि मध्यरात्रीनंतर पश्चिमेला जुळते. समांतरभुज चौकटीचा आधार, म्हणजे द्विनेत्रीला निरीक्षकाच्या पुढे लांब दांडीवर तोलून धरणारी आणि वरखाली करूनही दिशा न बदलणारी यंत्रणा, ही अडचण पुष्कळ कमी करते आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची सवय असलेल्यांना आरामखुर्चीत पडून ती वापरता येते. ४५ किंवा ९० अंशांत वळवलेल्या नेत्रिकांच्या मोठ्या द्विनेत्रीही निघतात, पण त्यांची किंमत आणि वजन सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. सर्वांत स्वस्त उपाय अर्थातच सतरंजीवर पाठ टेकून हातात १०×५० धरण्याचा आहे. कोपरे छातीशी टेकवली की कंपही निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो. कृत्तिका आणि पुष्य यांच्यासाठी नागपुरात हाच मार्ग उत्तम, असे स्पष्ट सांगायला हरकत नाही.

दक्षिणेचे आकाश मात्र मोठ्या द्विनेत्रीची सगळी भरपाई करते. वृश्चिकाच्या नांगीजवळील एम ७ हा तारकागुच्छ नागपुरातून ३४ अंश चढतो, त्याच्या शेजारचा एम ६ त्याहून थोडा वर, आणि धनू राशीतील लगून तेजोमेघ ४४ अंशांपर्यंत. हीच ती उंची, जिथे ट्रायपॉडसमोर खुर्ची टाकून पाठ ताठ ठेवून तासभर पाहता येते. आणि हीच ती वस्ती, जिथे आकाशगंगेचा मध्यभाग असल्यामुळे पंधरापट वर्धन आणि ७० मिलिमीटरचे भिंग यांचे चीज होते. लंडनहून एम ७ क्षितिजापासून केवळ चार अंश वर येतो. नागपूरच्या निरीक्षकाची खरी खंत ऋतूची आहे: हा भाग जुलै-ऑगस्टमध्ये रात्री दहाच्या सुमारास माथ्यावरची रेषा, म्हणजे याम्योत्तर वृत्त, ओलांडतो आणि तेव्हा विदर्भावर पावसाळी ढग असतात. म्हणून तो पाहायचा तर एप्रिलअखेरीस पहाटे चारला उठावे लागते, किंवा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी नैऋत्येला मावळताना गाठावा लागतो.

त्याहून दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहात ओमेगा सेंटॉरी आहे. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेला आणि जवळजवळ एक कोटी ताऱ्यांचा हा गोलाकार गुच्छ नागपुरातून २१ अंशांपर्यंत चढतो आणि मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला येतो. साध्या द्विनेत्रीत तो धूसर तारा असतो, १५×७० मध्ये त्याला भरीव गोलाईची चकती येते. मात्र मे महिन्यात, दिवसभर ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या काँक्रीटच्या छपरांवरून वर चढणारी हवा रात्रीही थरथरत असते आणि क्षितिजालगतच्या वस्तू वीसपटीत पाण्याखाली असल्यासारख्या हेलकावतात. दहापटीत हा दोष दिसत नाही. त्रिशंकू तर जेमतेम नऊ-दहा अंश वर येतो, म्हणून तो नुसत्या डोळ्यांसाठी किंवा सातपट द्विनेत्रीसाठी सोडून द्यावा.

नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली. भारतातील ते पहिले आणि आशियातील पाचवे. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक रस्त्यांवरचे व सार्वजनिक दिवे बदलण्यात आले. अशा आकाशाखाली आल्यावर शहरातला हिशेब उलटा होतो. पार्श्वभूमी मुळातच काळी असल्यामुळे ती काळवंडवण्यासाठी पटींची गरज उरत नाही. बाहुली पूर्ण उघडते, रुंद प्रकाशशलाका वाया जात नाही आणि ज्या ७×५० ला धरमपेठेत कमी लेखावे लागले तीच येथे आकाशगंगेचे काळे-पांढरे पट्टे सलग दाखवते. तीन अंश लांबीची देवयानी दीर्घिका, जी २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि शहरातून केवळ तिचा मध्यच दिसतो, ती येथे साडेसहा अंशांच्या दृष्टिक्षेत्रात कडेच्या मोकळ्या आकाशासह मावते आणि म्हणूनच तिची लांबी कळते. म्हणजे ज्या ठिकाणी माणूस सर्वांत मोठी द्विनेत्री घेऊन जाण्याची तयारी करतो, त्या ठिकाणी छोटीच अधिक कामाची ठरते. हे उफराटे वाटले तरी प्रकाशशास्त्राला धरूनच आहे. एक तपशील तेवढा लक्षात ठेवावा. नागपूर हे पेंचच्या दक्षिणेला असल्याने नरतुरंग आणि त्रिशंकू शहराच्याच दिशेला येतात, तेव्हा त्यांच्यासाठी शहराच्या दक्षिणेला, उमरेड-भिवापूरच्या बाजूला जाणे अधिक सोयीचे.

मोठ्या द्विनेत्रींची कीर्ती मुख्यतः धूमकेतूंच्या शोधकांमुळे झाली आणि ती रास्तही आहे. जपानच्या युजी ह्याकुताके यांनी जानेवारी १९९६ मध्ये २५×१५० अशा प्रचंड द्विनेत्रीने त्यांच्या नावाचा धूमकेतू शोधला; त्याच यंत्राने काही आठवडे आधी, डिसेंबर १९९५ मध्ये, त्यांना दुसरा एक धूमकेतू सापडलेला होता. इंग्लंडच्या जॉर्ज अल्कॉक यांनी १९८३ मध्ये घराच्या खिडकीतून १५×८० द्विनेत्रीने पाहताना एक धूमकेतू टिपला. या दोघांकडे यंत्राबरोबर आकाशाचा पाठ होता, हे मात्र विसरले जाते. अल्कॉक यांनी १९९१ मध्ये शौरी तारकासमूहात एक नवतारा शोधला तो साध्या १०×५० ने, कारण तेथे कोणते तारे असायला हवेत हे त्यांना तोंडपाठ होते. आणि ह्याकुताके यांचा धूमकेतू २५ मार्च १९९६ रोजी पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरवर आला, तेव्हा त्याची शेपटी आकाशात इतकी लांब पसरली होती की ती पाहायला नुसते डोळेच सर्वांत योग्य साधन ठरले.

बाजारातील वस्तूंच्या गुणवत्तेचा विचार केल्याशिवाय जास्त पटींची बाजू पूर्ण होत नाही. द्विनेत्री म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या दोन दुर्बिणी. त्यांचे अक्ष एकमेकांना काटेकोर समांतर नसतील तर दोन प्रतिमा वेगळ्या पडतात, मेंदू त्या ओढून एक करतो आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागते. सातपटीत जो दोष मेंदू सहज पचवतो तोच वीसपटीत जवळजवळ तिप्पट होतो, आणि मोठ्या नळ्यांची स्वस्त द्विनेत्री वाहतुकीतल्या एका धक्क्यानेही अक्षांतून सरकते. आतील लोलक, म्हणजे प्रतिमा सुलटी करणारे काचेचे त्रिकोणी ठोकळे, हलक्या प्रतीच्या काचेचे असतील तर प्रकाशशलाका गोल न दिसता कडेने कापलेली, चौकोनी दिसते. ही परीक्षा दुकानात उभ्या उभ्या करता येते. काही स्वस्त नमुन्यांत आतल्या कड्यांमुळे ८० मिलिमीटरच्या भिंगाचा संपूर्ण व्यास वापरलाच जात नाही. ते शलाकेचा व्यास पट्टीने मोजून त्याला पटींनी गुणल्यास उघड होते. चंद्र आणि शुक्र यांच्या कडेला जांभळी झालर दिसते ती भिंगातून वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र आल्यामुळे, आणि पट वाढल्या की ती अधिक उठून दिसते. चष्मा लावणाऱ्यांनी नेत्रिकेपासून डोळा किती दूर ठेवता येतो ते पाहावे. पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर चष्म्यासह पूर्ण दृष्टिक्षेत्र दिसत नाही. आणि ज्या द्विनेत्रीची पट दहापासून तीसपर्यंत बदलता येते, तिच्यापासून दूर राहणेच इष्ट: तीसपटीला ५० मिलिमीटरच्या भिंगातून दीड-पावणेदोन मिलिमीटरची शलाका उरते, दोन्ही बाजूंच्या पट क्वचितच सारख्या राहतात आणि दृष्टिक्षेत्र एखाद्या नळीतून पाहावे इतके अरुंद होते. शंभरपटीचा दावा करणारी हातातली द्विनेत्री ही तर सरळसरळ फसवणूक आहे.

विदर्भातला पावसाळा या यंत्रांचा आणखी एक शत्रू. दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते आणि एकदा ती आत शिरली की साफ करण्याचा खर्च नव्या द्विनेत्रीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून जून ते सप्टेंबर ती हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. सूर्याकडे कोणतीही द्विनेत्री कधीही रोखू नये, मग तो मावळता का असेना. ७० मिलिमीटरचे भिंग बाहुलीच्या शंभरपट प्रकाश गोळा करते आणि एका क्षणात डोळा जातो.

पहिली द्विनेत्री १०×५० असावी, कारण ती हातात धरता येते, डोक्यावरच्या कृत्तिकांनाही पोहोचते आणि पेंचला कमी पडत नाही. दोन-तीन ऋतूंत आकाशाची ओळख झाल्यावर, आणि मुख्यतः शहरातून दक्षिणेचे आकाश पाहायचे असल्यास, मजबूत ट्रायपॉड आधी घेऊन त्यावर बसणारी १५×७० नंतर घ्यावी. त्याच्या पुढे, २०×८० किंवा २५×१०० आणि त्यांना पेलणारा आधार यांवर खर्च करण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत डॉब्सोनियन पद्धतीच्या, म्हणजे साध्या लाकडी बैठकीवरच्या, आरशाच्या दुर्बिणीकडे वळावे. तिच्यातून शनीची कडीही दिसतात आणि ओमेगा सेंटॉरीचे तारेही सुटे होतात. विकत घेण्यापूर्वी रमण विज्ञान केंद्र व तारांगणाच्या किंवा हौशी मंडळांच्या आकाशदर्शन कार्यक्रमाला जाऊन वेगवेगळ्या पटींच्या द्विनेत्री स्वतःच्या हातांनी धरून पाहाव्यात; पंधरापट हातात धरून ताऱ्याकडे पाहिल्यावर निर्णय बहुधा तेथेच होतो.